एका दिवसाच्या गडवाटेसाठी सॅक कशी भरावी

सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड, तिकोना हे सगळे गड पुण्यातून पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल इतके जवळ आहेत. त्यामुळे पुण्यातल्या नवख्या माणसाचा पहिला ट्रेक बहुधा एका दिवसाचाच असतो, आणि ‘एका दिवसाला काय लागते’ या विचाराने सॅकेकडे दुर्लक्षही तितकेच होते. कॉलेजची किंवा लॅपटॉपची बॅग रिकामी करून तीत पाण्याची एक बाटली, डबा, टॉवेल आणि पॉवर बँक कोंबली की तयारी झाली, असे समजले जाते. मग चढ सुरू झाला की कळते, टॉवेल हाताशी आहे, पाणी अर्ध्या वाटेत संपले आहे आणि पावसाचे जाकीट तळाशी डब्याखाली अडकले आहे. पुढचे मार्गदर्शन अशा पहिल्या-दुसऱ्या ट्रेकला निघणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणासाठी गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगड चढून त्याच वाटेने उतरण्याचा बेत धरला आहे.

वाट आधी, वस्तू नंतर

सॅक उघडण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: एकूण किती तास चालायचे आहे, वाटेत पाणी कोठे आहे, हात वापरून चढावे लागेल असा कातळटप्पा आहे का, आणि त्या दिवशी सूर्यास्त केव्हा आहे. गुंजवण्याहून नवख्या गटाला पद्मावती माचीवर पोचायला अडीच ते तीन तास लागतात, आणि सुवेळा माचीचे नेढे (कातळातले आरपार भोक) व बालेकिल्ला पाहून खाली येईपर्यंत सगळा दिवस जातो. चोरदरवाजाच्या अलीकडचा टप्पा उभ्या कातळाचा आहे. तेथे आधाराला रेलिंग असले तरी दोन्ही हात मोकळे लागतात, आणि दरवाजा इतका बुटका आहे की वाकूनच आत शिरावे लागते. सॅकेच्या बाहेर लोंबणारी बाटली, चटई किंवा ट्रायपॉड नेमका येथेच अडकतो, म्हणून सॅकेबाहेर काहीही टांगायचे नाही हे वाट पाहूनच ठरते. याउलट कात्रज ते सिंहगड हा डोंगररांगेवरचा पल्ला धरला, तर कातळाची अडचण नसते, पण वाटेत भरवशाचे पाणी नसल्यामुळे सगळे पाणी पाठीवर घेऊन निघावे लागते. दोन्ही ट्रेक एकाच दिवसाचे असले तरी सॅक एकसारखी भरून चालत नाही.

हाच बेत घरच्या कोणाला तरी लिहून द्यावा: कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबत कोण आहे आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. डोंगरात रेंज येते-जाते, त्यामुळे ‘तिथून कळवतो’ या आश्वासनाला फारसा अर्थ नसतो.

सॅक कोणती

एका दिवसाला 25 ते 30 लिटरची सॅक पुरते. 50-60 लिटरची सॅक घरात आहे म्हणून तीच घेतली, तर रिकामी जागा भरण्याचा मोह आवरत नाही, आणि अर्धी भरलेली मोठी सॅक पाठीवर डुलत राहते. फक्त दोन खांद्यांवर लटकणारी लॅपटॉपची बॅग सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने एकदा चालून जाईल, पण राजगडाला कमरेचा पट्टा असलेलीच सॅक हवी. तो पट्टा नुसता कापडी फीत नसून थोडा गादीदार असावा, कारण वजन कमरेच्या हाडांवर टेकवणे हेच त्याचे काम असते. छातीवरचा छोटा पट्टा खांद्याचे बंद घसरू देत नाही. दोन्ही बाजूंना बाटलीचे खोल खिसे आणि वर झाकणाचा खिसा असला की बाकी चोचल्यांची गरज नाही. नवी सॅक लगेच विकत घेण्यापेक्षा पहिले दोन-तीन ट्रेक ओळखीतल्या ट्रेकरची सॅक मागून आणून करावेत. आपल्या पाठीला काय मानवते, हे दुकानातल्या आरशापुढे कळत नाही.

दुकानात किंवा मित्राच्या घरी सॅक घालून पाहताना मात्र ती रिकामी घालू नये. पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या आत ठेवून जिना चढून-उतरून पाहावा. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

सगळे चादरीवर मांडावे

ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी जमिनीवर एक चादर पसरून सगळ्या वस्तू तीवर मांडाव्यात आणि त्यानंतरच सॅकेत भराव्यात. आठवेल तसे थेट सॅकेत टाकत गेले, तर शेवटी आठवलेली वस्तू सर्वांत वर येते, मग ती लागो वा न लागो. चादरीवर मांडले की एकच गोष्ट तिघांनी घेतली आहे हेही दिसते. गटाला प्रथमोपचाराची एक नीट पेटी पुरते, पण विजेरी मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी. या टप्प्यावर प्रत्येक वस्तूला विचारावे, ‘तू केव्हा लागणार?’ ‘कदाचित’ असे उत्तर येणाऱ्या वस्तू बाजूला काढाव्यात. याला तीनच अपवाद आहेत: विजेरी, प्रथमोपचार आणि पावसापासूनचे संरक्षण. त्या लागणार नाहीत अशीच आशा असते, तरी त्या येतातच. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा. त्याचे वजन हे तो न नेण्याचे सर्वांत किरकोळ कारण आहे.

वजनाचा अंदाज असा बांधता येतो. रिकामी सॅक सुमारे एक किलो, तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, खाणे पाऊण किलो, कपडे आणि जाकीट पाऊण किलो, प्रथमोपचार, विजेरी आणि किरकोळ गोष्टी अर्धा किलो. सगळे मिळून सहा किलोच्या आसपास जाते, आणि धडधाकट प्रौढ माणसाला हे ओझे जड नाही. आकडा आठ-नऊ किलोवर गेला, तर चादरीकडे परत जावे. पाणी सोडून काहीही कमी करावे.

पाणी

नवख्यांच्या सॅकेत सर्वांत जास्त चुकते ते पाणी, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. हिवाळ्यात चालण्याच्या प्रत्येक तासाला साधारण अर्धा लिटर धरावे. मार्चपासून मे अखेरपर्यंत सह्याद्रीचा कातळ सकाळी दहाच्या सुमारासच तापू लागतो, तेव्हा हा अंदाज अपुरा पडतो आणि दिवसाला चार लिटर पाणीही जास्त वाटत नाही. पावसाळ्यात तहान कमी लागते, पण घाम येतच असतो, त्यामुळे दोन लिटरच्या खाली उतरू नये. राजगडावर पद्मावती माचीवर पाण्याची टाकी आहेत. त्यांतले पाणी प्यायचे झाल्यास स्वच्छ फडक्याने गाळून, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. पहिल्या ट्रेकला मात्र टाक्यात पाणी मिळेल असे गृहीत न धरताच निघावे. सुट्टीच्या दिवशी गावकरी वर ताक आणि सरबत विकायला बसतात आणि ते अवश्य घ्यावे, पण आपले पाण्याचे गणित त्यांच्यावर मांडू नये.

तीन लिटर पाणी एकाच मोठ्या बाटलीत घेण्यापेक्षा एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्याव्यात. दोन बाटल्या बाजूच्या दोन खिशांत ठेवाव्यात आणि दोन्हींतले पाणी आळीपाळीने प्यावे, म्हणजे सॅक एका बाजूला झुकत नाही. तिसरी बाटली आत पाठीलगत ठेवावी आणि गड उतरायला सुरुवात होईपर्यंत ती उघडायचीच नाही असे ठरवून टाकावे. नळी असलेली पाण्याची पिशवी सोयीची असते, पण तीत किती पाणी उरले हे चालता चालता दिसत नाही, आणि सवय नसलेला माणूस ती दुपारपर्यंत रिकामी करून मोकळा होतो.

घाम फार गेला की नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसची दोन पाकिटे सोबत असावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते विरघळवायचे असते, अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट घालून घट्ट द्रावण करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण उपयोगी पडते. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा.

खाणे

खाणे असे असावे की जे दुपारपर्यंत टिकेल, एका हाताने खाता येईल आणि खाल्ल्यावर तहान वाढवणार नाही. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे किंवा थालीपीठ, सोबत दाण्याची कोरडी चटणी, काकडी आणि मोसंबी हे जेवण उत्तम. पोहे, उपमा किंवा ओले खोबरे घातलेला कोणताही पदार्थ उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबतो. स्टीलचा डबा न्यायचा असेल, तर तो जाड फडक्यात गुंडाळावा, नाहीतर त्याची कड पाठीला रुतत राहते. जेवणाखेरीज चालता चालता तोंडात टाकायला गूळ-दाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की घ्यावी आणि ती जेवणासोबत आत न ठेवता झाकणाच्या खिशात ठेवावी. भूक लागण्याची वाट पाहत बसल्यास चढाच्या शेवटच्या टप्प्यात पाय जड होतात. बाकरवडी आणि चिवडा आपल्याला कितीही प्रिय असला तरी त्यांच्यामुळे पाणी भराभर संपते, त्यामुळे ते परतीच्या प्रवासासाठी गाडीत ठेवावेत.

एक रिकामी जाड पिशवी कचऱ्यासाठी घ्यावी. मोसंबीची साले, ओआरएसचे पाकीट, वापरलेली पट्टी हे सगळे तिच्यात घालून खाली आणायचे असते.

कपडे आणि पाय

अंगावर जीन्स नको. ती भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि कातळावर गुडघा उचलू देत नाही. लवकर वाळणारी सैल पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालावा. कारवीच्या रानातून जाताना झाडोऱ्याचे ओरखडे आणि वर उघड्यावर ऊन, या दोन्हींसाठी पूर्ण बाह्या उपयोगी पडतात. सॅकेत एक सुका टी-शर्ट आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाऱ्यात थंडी झोंबते, त्यामुळे एक पातळ वारारोधी जाकीट हवे. जाड स्वेटर नको, कारण पहिल्या अर्ध्या तासातच तो कमरेला बांधावा लागतो. रुमाल किंवा स्कार्फ गळ्यात असावा. उन्हात तो डोक्याला बांधता येतो, आणि मधमाश्या उठल्याच तर तोंड झाकून तेथून दूर जायला कामी येतो.

बूट सॅकेचा भाग नसले तरी त्यांच्यावर दोन वाक्ये लिहायला हवीत. मराठी ट्रेकरांत वर्षानुवर्षे ॲक्शन ट्रेकिंगचे बूट लोकप्रिय आहेत ते त्यांच्या स्वस्ताईमुळे आणि तळव्याच्या पकडीमुळे. महाग बूट घ्यायचे तर घ्यावेत, पण नवे कोरे बूट थेट गडावर नेऊ नयेत, आठवडाभर ते पर्वतीच्या पायऱ्यांवर वापरून मऊ करून घ्यावेत.

विजेरी, शिट्टी, औषधे

दुपारी चारपर्यंत खाली येण्याचा बेत असला तरी विजेरी घ्यायचीच. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गुंजवण्याच्या वाटेवरच्या झाडीत अंधार त्याआधीच साचायला लागतो. एखाद्याचा पाय मुरगळला की उतरायला दुप्पट वेळ लागतो आणि सगळा गट अंधारात सापडतो. विजेरी डोक्याला बांधायची असावी, म्हणजे हात मोकळे राहतात. मोबाइलचा दिवा हा तिचा पर्याय नव्हे. त्याने एक हात अडकतो, आणि मदतीसाठी फोन करायला राखून ठेवलेली बॅटरीही संपते. सॅकेत दाब बसून विजेरी आपोआप सुरू होते आणि नेमकी हवी तेव्हा मलूल झालेली असते. ती सेलवर चालणारी असेल, तर सेल आणि धातूची पट्टी यांच्यामध्ये कागदाचा छोटा तुकडा सरकवून ठेवावा आणि लागेल तेव्हा ओढून काढावा. सुट्या सेलचा एक जोड सोबत असावा.

शिट्टी सॅकेत न ठेवता खांद्याच्या बंदाला बांधावी. पडलेला माणूस सॅक उघडू शकेलच असे नाही. संकटाचा सर्वमान्य संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या मिळतात. गटातल्या प्रत्येकाला हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे आणि गमतीखातर शिट्टी वाजवू नये.

प्रथमोपचाराच्या पिशवीत चार इंची क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिनचे मलम, छोटी कात्री, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि प्रत्येकाची स्वतःची नेहमीची औषधे असावीत. दम्याचा पंप किंवा मधुमेहाच्या गोळ्या गटाच्या पिशवीत नव्हे, तर ज्याच्या त्याच्या खिशात हव्यात. ज्यांना मधमाशीच्या डंखाने सूज किंवा दम लागल्याचा पूर्वानुभव आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून औषध घेऊनच निघावे. सर्पदंशासाठी मात्र सॅकेत काहीही ठेवता येत नाही. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. माणसाला धीर देऊन शक्य तितके हलू न देता रुग्णालयात न्यावे, कारण प्रतिसर्पविष तेथेच मिळते. आपत्कालीन मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक आहेत.

किरकोळ पण आवश्यक गोष्टींत थोडी रोख रक्कम सुट्या नोटांत घ्यावी, कारण रेंज नसेल तेथे मोबाइलवरून ताकाचेही पैसे देता येत नाहीत. ओळखपत्र, आणि रक्तगट व घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हेही घ्यावे. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर ठेवावा.

आता भरायला घ्यावे

सर्वांत आधी सॅकेच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी. पावसाळ्यात बाहेरून घालायचे रेनकव्हर असले तरी पाठ आणि सॅक यांच्यामधून ओघळणारे पाणी ते अडवत नाही, आणि झुडपांत अडकून ते फाटते किंवा वाऱ्याने निघते. अस्तर असले की बाहेरची सॅक चिंब झाली तरी आतले कोरडे राहते.

तळाशी सुका टी-शर्ट आणि मोजे ठेवावेत. ते दिवसाच्या शेवटी लागतात, हलके आहेत आणि वर येणाऱ्या जड वस्तूंना गादीचे काम करतात. त्यावर, पाठीला अगदी चिकटून, राखीव पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेला डबा. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकून चालू लागतो आणि संध्याकाळी खांदे आणि कंबर भरून येते. हीच जड वस्तू फार वर ठेवली, तर सपाटीवर चालते, पण चोरदरवाजासारख्या टप्प्यावर शरीर बाजूला वळले की सॅक डोलते. म्हणून कातळ असलेल्या वाटेवर वजन खांद्यांपेक्षा थोडे खाली, पाठीच्या मध्यावर ठेवावे. डब्याच्या पुढच्या बाजूची मोकळी जागा वारारोधी जाकिटाने भरावी, म्हणजे आतले काही हलणार नाही. सॅक उचलून हलवली आणि आतून खडखड ऐकू आली, तर पुन्हा भरावी.

वरच्या थरात पावसाचे जाकीट आणि प्रथमोपचाराची पिशवी. झाकणाच्या खिशात विजेरी, खाऊ, ओआरएस, टोपी. आता डोळे मिटून सॅकेत हात घालून विजेरी आणि प्रथमोपचाराची पिशवी काढून पाहावी. ती चटकन हाती आली नाही, तर जागा बदलावी, आणि ठरलेली जागा पुढच्या प्रत्येक ट्रेकला तीच ठेवावी.

पाठीवर घेताना

सगळे बंद आधी सैल करावेत. सॅक पाठीवर घेऊन किंचित पुढे वाकावे आणि कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडेवर बसवून आवळावा. तो पोटावर आवळला तर श्वास अडतो. मग खांद्याचे बंद ओढावेत, पण इतकेच की सॅक पाठीला लागेल, वजन मात्र कमरेवर राहील. शेवटी छातीचा पट्टा, तोही सैलसर. चढ सुरू झाल्यावर वीस-एक मिनिटांनी सगळ्यांनी थांबून पट्टे पुन्हा नीट करावेत. थांबायला कोणी कुरकुर करतो, पण पुढच्या चढावर त्याचे खांदे दुखले की सगळा गट थांबतो.

घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या निसरड्या उतारावरून, उतरताना कमरेचा पट्टा थोडा अधिक आवळावा, म्हणजे प्रत्येक पावलाला सॅक पाठीवर आदळत नाही.

परतल्यावर

घरी पोचल्यावर कितीही झोप आली असली तरी सॅक त्याच रात्री रिकामी करावी. कचऱ्याची पिशवी, उरलेली मोसंबी आणि ओले मोजे रात्रभर आत राहिले, तर सॅकेला लागलेला वास पुढच्या रविवारपर्यंत जात नाही. प्लॅस्टिकचे अस्तर उलटे करून वाळत घालावे, सॅक सगळ्या चेनी उघडून सावलीत टांगावी, विजेरीतले सेल काढून ठेवावेत आणि वापरलेली औषधे व पट्ट्या दुसऱ्याच दिवशी भरून ठेवाव्यात. चादरीवर मांडलेल्या वस्तूंची यादी अजून हाताशी असेल, तर जी वस्तू दिवसभरात एकदाही बाहेर निघाली नाही तिच्यापुढे खूण करून ठेवावी. विजेरी, प्रथमोपचार आणि पावसाचे जाकीट वगळता खूण झालेले सारे पुढच्या वेळी घरी ठेवता येते.